एकदाच दाबा, सर

माझा अपमान करायचा असेल तर तो बंद दाराआड करावा, एवढीच माझी जगाकडे मागणी आहे. बंद दाराआडचे अपमान मी संध्याकाळपर्यंत विसरते. पण चार माणसांसमोर, हातात अर्धा समोसा धरून कोणी माझा अपमान केला, तर मी तो कैरीच्या लोणच्यासारखा बरणीत भरते, वरून तेल सोडते, तोंडाला फडकं बांधते आणि ठेवून देते. घाई करत नाही. मुरू देते. ही अशाच एका बरणीची हकिगत आहे. ती उघडली त्या दिवसाची आठवण झाली की मला अजून एकटीला हसू फुटतं, मग मी भाजीवाल्यासमोर उभी असेन नाहीतर दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलेली असेन.

आमचं ऑफिस ऐरोलीत, आयटी पार्कमध्ये. आयटी पार्क म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो काचेचा महाल उभा राहतो, त्यातला अर्धा मजला आमचा. उरलेल्या अर्ध्यात कॉल सेंटर. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी आमची छोटी कंपनी, आणि मी तिथली सगळ्यात जुनी प्रोग्रॅमर. माझी जागा खिडकीशी. खिडकीतून खाडी दिसते, थंडीत चिखलात फ्लेमिंगो उतरतात, पार उन्हाळ्यापर्यंत मुक्काम करतात आणि दिवसभर माना खाली घालून खात राहतात. मी मान वर करून त्यांच्याकडे बघते, मग मान खाली घालून कोड लिहिते. ही खिडकी लक्षात ठेवा. सगळं भांडण शेवटी तिच्यावरच आलं.

नवे मॅनेजर आले ते एका मोठ्या कंपनीतून. माझ्यापेक्षा बरेच लहान, पण पदाने मोठे, म्हणून 'सर'. अशा ठिकाणी 'तसा माणूस वाईट नव्हता' असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही.

सरांची ओळख सांगायची तर त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटापासून सुरुवात करावी लागते. त्या बोटाला धीर म्हणून नव्हता. लिफ्टचं बटण ते लिफ्ट येईपर्यंत दाबत राहायचे, दारावर टकटक करावी तसं. कॉफीच्या मशीनचं बटण एकदा दाबलं की मशीन क्षणभर विचार करतं, तेवढा विचारही सरांना सहन व्हायचा नाही, पुन्हा दाबायचे, आणि पहिला कप भरून वाहायला लागला की ओरडायचे, "कसलं मशीन आणलंय!" प्रिंटरमधून एकाच पानाच्या प्रतींचा गठ्ठा बाहेर पडायचा आणि सर म्हणायचे, "स्लो आहे."

माझ्या शेजारी आमचा टेस्टर बसतो. मी लिहिलेलं मोडून बघणं हे त्याचं काम. ऐरोलीच्याच खाडीकाठच्या गावातला. हा आयटी पार्क जिथे उभा आहे तिथे त्याच्या आजोबांचं भातशेत होतं, हे तो प्रत्येक नव्या माणसाला सांगतो आणि वर "म्हंजे तुमी माज्या शेतान बसलायत" अशी समज देतो. सरांनाही दिली होती. सरांना ती आवडली नव्हती.

एकदा आम्ही तिघं लिफ्टसाठी उभे होतो आणि सरांचं बोट चाललं होतं. टेस्टर माझ्या कानाशी म्हणाला, "ताय, यो मानूस एक दिस बटन उपटून हातान घेऊन येल."

मी हसू दाबलं. त्या वेळी मला ते फक्त गमतीचं वाटलं. उपयोगाचं आहे हे कळायला अजून अवकाश होता.

मग तो समोसा आला.

कुणाचा तरी वाढदिवस होता. केक कापून झाला होता, कागदी बशा फिरत होत्या, सगळं ऑफिस पॅन्ट्रीत गोळा झालं होतं, आमच्या कंपनीचे मालकही केबिनमधून गरम पाण्याचा पेला घेऊन आले होते. सरांनी समोशाचा घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा प्रेमळ आवाजात म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, पण एक विचार करतोय. तुमच्या एजला स्पीड थोडा कमी होणारच ना. नॅचरल आहे. आमच्या आईचंपण तसंच आहे. तर महिना संपला की तुम्ही डॉक्युमेंटेशन बघा. रिलॅक्स काम. खिडकीजवळ आपण यंग टीम बसवू."

आई! सरांची आई आणि मी!

डॉक्युमेंटेशन म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पॅन्ट्रीच्या भिंतीला लागून एक टेबल आहे, त्यावर एक जुना संगणक. तिथे बसवलेला माणूस काही दिवस 'प्रोग्रॅम कसा वापरावा' यावर पानं लिहितो, मग एक दिवस निरोप समारंभाचा केक त्याचा स्वतःचा असतो. त्या टेबलावरून परत कोणी आलेलं मी पाहिलेलं नाही. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार होतं? घरी नवरा निवृत्त होऊन सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं राजकारण करत होता. दोघं दिवसभर घरात राहिलो असतो तर आमच्यातल्या एकाची बातमी पेपरात आली असती.

मी बशी खाली ठेवली. गोड हसले. म्हणाले, "विचार करते हं, सर." आणि मनातल्या मनात बरणी खाली काढली.

त्याच आठवड्यात सरांनी मला एक काम दिलं. ते काम द्यायची पद्धत बघूनच मला कळलं की हा माझ्या मंदपणाचा पुरावा गोळा करण्याचा बेत आहे.

आमचे एक जुने ग्राहक आहेत, वाशीच्या बाजारातले कांद्याचे आडते. त्यांच्या गाळ्यावर आमचं सॉफ्टवेअर चालतं. गोण्या आल्या की एक स्क्रीन, वजन झालं की दुसरी, हमालीची वेगळी, शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या पट्टीची वेगळी, परत आलेल्या मालाची वेगळी. शेकडो स्क्रीन. आणि प्रत्येक स्क्रीनवर खाली 'जतन करा' असं बटण. गाळ्यावरचा मुनीम घाईघाईत ते बटण दाबून चुकीच्या नोंदी करून ठेवायचा. एकाचे कांदे दुसऱ्याच्या नावावर. म्हणून आडत्यांची मागणी होती, की बटण दाबल्यावर सॉफ्टवेअरने आधी 'खात्री आहे का?' असं विचारावं आणि 'हो' म्हटल्यावरच नोंद करावी.

साधी मागणी. पण हे सॉफ्टवेअर ज्यांनी मुळात लिहिलं त्यांनी जतन करण्याचा तो तुकडा एकाच जागी ठेवून सगळीकडून वापरण्याऐवजी, प्रत्येक स्क्रीनसाठी नव्याने चिकटवला होता. एक स्क्रीन बनवायची, तिची नक्कल करायची, थोडं बदलायचं, पुढे जायचं. ते सगळे आता परदेशात स्थायिक आहेत आणि तिथेही बहुधा हेच करत असतील. म्हणजे 'खात्री आहे का?' हा एवढासा प्रश्न शेकडो फायलींत शेकडो ठिकाणी घालायचा होता.

"एकेक फाइल उघडून करा," सर म्हणाले. "महिनाभर लागेल. मी मालकांना तसं सांगितलंय. झालं नाही तरी ओके, आपण समजू शकतो."

समजू शकतो! मी जागेवर येऊन बसले. फ्लेमिंगो खात होते.

आता थोडं कामाबद्दल सांगते, कारण पुढची मजा त्याशिवाय लागायची नाही. घाबरू नका, स्वयंपाकाइतकं सोपं आहे.

आम्ही ज्यात कोड लिहितो त्याला एडिटर म्हणतात. त्यात 'शोधा आणि बदला' अशी सोय असते, ती सगळ्यांना माहीत आहे. अमुक शब्द शोध, त्या जागी तमुक घाल. पण इथे साधा शब्द शोधून भागणार नव्हतं, कारण जतनाची ती ओळ प्रत्येक स्क्रीनमध्ये थोडी वेगळी होती. कुठे वजन जतन करायचं, कुठे हमाली, कुठे पट्टी. सुरुवात तीच, शेवट तोच, मधलं वेगळं. मोदकासारखं. पारी तीच, सारण निराळं. तर एडिटरला सांगता येतं, की बाबा, अशी पारी असलेला प्रत्येक मोदक शोध. आत काय आहे ते तुला कळायची गरज नाही, ते जसंच्या तसं राहू दे. फक्त अख्खा मोदक केळीच्या पानात गुंडाळ. पान म्हणजे आपला प्रश्न, 'खात्री आहे का?'. आणि हे सांगायचं एका ओळीत, काही खुणा वापरून. ती ओळ जमली की एका बटणात सगळ्या फायलींतले सगळे मोदक पानात.

ती ओळ जमवण्यातच सगळं आहे. मी आधी नुसतंच शोधलं, बदललं काही नाही. एडिटरने बाजूला यादी दाखवली: या फाइलमध्ये इथे सापडलं, त्या फाइलमध्ये तिथे. ती यादी मी वरपासून खालपर्यंत वाचली, तांदूळ निवडावेत तशी. दोन-तीन खडे निघाले, जतनासारखं दिसणारं पण जतन नसलेलं काहीतरी. खुणा थोड्या घट्ट केल्या. पुन्हा शोधलं. खडे गेले. मग एकाच ठिकाणी बदललं, स्क्रीन चालवून बघितली, तिने नीट विचारलं, "खात्री आहे का?" मी म्हटलं, बाई, मला कधी नव्हे इतकी आहे. आणि 'सगळीकडे बदला' दाबलं.

एकदाच.

चहा यायच्या आत महिन्याचं काम संपलं होतं. टेस्टरने उरलेला दिवस स्क्रीन एकामागून एक उघडून तपासल्या आणि जाताना म्हणाला, "ताय, मोडायला कायच ठेवलं नाय तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना सांगितलं, झालं. त्यांचा चेहरा मी कॅमेऱ्यात धरून ठेवायला हवा होता. महिना लागेल असं त्यांनी मालकांना सांगितलेलं, आणि त्यांच्या आईसारख्या बाईने ते चहाच्या आधी संपवलेलं. आता माझा स्पीड कमी म्हणायचं कसं?

पण सर मोठ्या कंपनीतून आले होते. इकडेतिकडे बघून म्हणाले, "हे कोणाला बोलू नका अजून. मला दाखवा कसं केलं."

दुपारपर्यंत मला बातमी कळली. सर मालकांना सांगून आले होते की त्यांनी एक 'टेक्निक डेव्हलप' केलंय. आडते शुक्रवारी ऑफिसला येणार होते. त्यांची जुनी तक्रार होती की आम्ही प्रत्येक बारीक बदलाला फार वेळ लावतो. तर सर त्यांच्या डोळ्यांदेखत, मोठ्या पडद्यावर, जुन्या कोडवर ते टेक्निक चालवून दाखवणार होते. आणि मालकांना ते हेही म्हणाले होते, की आता असं टेक्निक असताना मॅडमना प्रोजेक्टवर ठेवायची तशी गरजच नाही. महिना संपायची वाट कशाला बघायची? सोमवारपासूनच डॉक्युमेंटेशन.

म्हणजे माझ्याच हातच्या मोदकांवर माझी पाठवणी!

टेस्टर एवढा लाल झाला की मलाच त्याला पाणी द्यावं लागलं. "ताय, शिकवू नका त्याला. सांगा, विसरले."

"शिकवणार," मी म्हटलं. "अगदी मनापासून शिकवणार."

कारण एव्हाना मला ते बोट आठवलं होतं.

गुरुवारी दुपारी सर माझ्या जागेवर आले, खुर्ची ओढून बसले. मी त्यांना जुन्या कोडची एक वेगळी प्रत काढून दिली, माझं झालेलं काम सुरक्षित बाजूला ठेवलं. आडत्यांशी माझं वैर नव्हतं. मग ती शोधायची ओळ दिली, बदलायची ओळ दिली, खुणांचा अर्थ सांगितला. सर "हां, हां" करत होते, नजर फोनमध्ये. टेस्टर ऐकत होता, आजूबाजूची यंग टीमही ऐकत होती, आणि मला ते हवंच होतं.

"आणि सर, हे महत्त्वाचं," मी मोठ्याने म्हटलं. "'सगळीकडे बदला' हे बटण एकदाच दाबा. एकदाच. कारण दाबल्यानंतर बाजूची यादी..."

"मॅडम," सरांनी हात वर केला. सगळ्यांकडे बघून हसले. "बटण कसं दाबायचं ते तरी मला शिकवू नका."

दोघं-तिघं हसले.

आणि मी माझं उरलेलं वाक्य गिळलं. आयुष्यात मी पुरणपोळ्या खाल्ल्या, देवगडचे हापूस खाल्ले, पण त्या अर्ध्या वाक्यासारखं चविष्ट काही घशाखाली गेलेलं नाही.

ते वाक्य असं होतं: कारण दाबल्यानंतर बाजूची यादी रिकामी होणार नाही. नेहमी एखादा शब्द बदलला की तो नाहीसा होतो, मग यादीतूनही जातो, आणि माणसाला कळतं की काम झालं. इथे आपण मोदक बदलत नाही, नुसता पानात गुंडाळतो. आत मोदक तसाच असतो. म्हणून एडिटरला तो पुन्हा सापडतो, यादी जशीच्या तशी दिसते, आणि बघणाऱ्याला वाटतं की काहीच झालं नाही. अशा वेळी शहाणा माणूस एक फाइल उघडून बघतो. आणि ज्याच्या बोटाला धीर नाही तो माणूस पुन्हा दाबतो. मग पानावर पान चढतं.

रात्री झोप छान लागली.

शुक्रवारी आडते आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि चपलेत अडकलेलं कांद्याचं साल. येताना सगळ्यांसाठी कांद्याची एक गोणी घेऊन आले होते, ती मीटिंगच्या खोलीत कोपऱ्यात ठेवली आणि एसीच्या वाऱ्याने खोलीला बाजाराचा वास आला. मालक एका टोकाला गरम पाणी घेऊन, आडते मधोमध, मी आणि टेस्टर दाराजवळ. सर पडद्याशेजारी उभे, ब्लेझर घालून. ऐरोलीच्या उकाड्यात ब्लेझर!

"दादा," सर आडत्यांना म्हणाले, "तुम्ही म्हणता ना, आम्ही वेळ लावतो? आता बघा. हे सगळं तुमचं सॉफ्टवेअर. सगळ्या स्क्रीनमध्ये बदल, एका क्लिकमध्ये. वन क्लिक!"

"करा," आडते म्हणाले आणि बशीतला बटाटेवडा उचलला.

सरांनी शोधलं. यादी आली, लांबलचक. आडत्यांच्या भुवया वर गेल्या. सरांनी बटण दाबलं. एडिटरने विचारलं, एवढ्या सगळ्या फायलींत बदल करायचा, नक्की ना? सरांनी 'हो' केलं.

यादी क्षणभर लुकलुकली आणि होती तशीच पुन्हा उभी राहिली. तेवढीच लांब.

सरांनी तिच्याकडे बघितलं. मी सरांच्या बोटाकडे बघितलं. खोलीत फक्त वडा चावल्याचा आवाज.

बोट उठलं.

दुसऱ्यांदा दाबलं. एडिटरने पुन्हा विचारलं, नक्की ना? हो. यादी तशीच. "नेटवर्क स्लो आहे जरा," सर म्हणाले, आणि पुन्हा दाबलं. एडिटर बिचारा दर वेळी विचारत होता, आणि सरांचा समज असा की ज्या अर्थी परत विचारतोय त्या अर्थी आधीचं झालेलं नाही. मग ब्लेझरची बाही वर सरकवून त्यांनी लिफ्टसारखं टकटकटक सुरू केलं. किती वेळा दाबलं ते मी मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. पुढे सॉफ्टवेअरनेच मोजून दाखवलं.

टेस्टरने तोंडावर रुमाल धरला. कांद्यामुळे, असं नंतर त्याने मालकांना सांगितलं.

शेवटी सरांनी एक फाइल उघडली, वर-खाली केली, त्यात कुठेतरी 'खात्री' हा शब्द दिसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "डन!" ते म्हणाले. "दादा, तुम्हीच चालवून बघा."

लॅपटॉप आडत्यांसमोर आला. त्यांनी हात पुसले, आवकीची स्क्रीन उघडली, गोण्यांची नोंद भरली, 'जतन करा' दाबलं.

'खात्री आहे का?'

"बघा, विचारलं!" सर म्हणाले.

"आहे," म्हणत आडत्यांनी 'हो' दाबलं.

'खात्री आहे का?'

"आहे की."

'खात्री आहे का?'

"अहो, आहे म्हणतोय ना!"

'खात्री आहे का?'

आडत्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, मग सरांकडे. "साहेब, ह्याला माझ्यावर भरोसा नाही का?" पुन्हा 'हो'. पुन्हा 'खात्री आहे का?' "बाजारात उभा जन्म गेला माझा, कांद्याची गोणी नुसती उचलून वजन सांगतो, आणि हे मला विचारतंय!" हो. 'खात्री आहे का?' "मांडवात मला एवढ्यांदा विचारलं असतं ना, तर मी तसाच जुन्नरला परत गेलो असतो!"

मालकांचा पेला अर्ध्यावर थांबला होता.

"जुनं व्हर्जन कॅशेमध्ये अडकलं असेल," सर म्हणाले. घाम ब्लेझरच्या कॉलरपर्यंत आला होता. "एक सेकंद, परत रन करतो." आणि त्या भल्या माणसाने, आमच्या डोळ्यांदेखत, ते बटण आणखी एकदा दाबलं.

"आनखी एक," टेस्टर रुमालातून पुटपुटला.

आडत्यांनी वजनाची स्क्रीन उघडली. तिथेही तेच, आणि एक जास्त. पट्टीची उघडली. तेच. त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "सकाळच्या टायमाला गाळ्यावर गाड्या लागलेल्या असतात. एका नोंदीला एवढ्यांदा हो हो करत बसलो तर कांदे गाडीतच कोंब काढतील. शेठ, मी दुसरीकडे बघू का?"

तिथे माझं हसू थांबलं. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मी इतकी खुशीत होते की हा भाग माझ्या लक्षातच आला नव्हता. आडते गेले तर प्रोजेक्ट जाणार, प्रोजेक्ट गेलं तर खिडकी काय आणि पॅन्ट्रीची भिंत काय, दोन्ही सारख्याच. सूड पुरा व्हायचा आणि तो साजरा करायला मला खुर्चीच उरायची नाही!

मालक सरांना म्हणाले, "नीट करा हे."

सरांनी लॅपटॉप उघडला. बघत राहिले. बोट हवेत होतं, पण कुठे उतरावं ते त्याला कळत नव्हतं. त्या बोटाला थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सर," मी दाराजवळून म्हटलं, "मी सांगू का?"

कोणी नाही म्हणालं नाही.

आता, माझं तयार काम माझ्या संगणकावर सुरक्षित होतं. ते आणून दाखवलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मग सरांच्या बोटाला काही काम उरलं नसतं, आणि ते मला चालण्यासारखं नव्हतं.

मी पुढे गेले, पण लॅपटॉपला हात लावला नाही. सरांच्या खांद्यामागे उभी राहिले, शाळेत बाई उभ्या राहतात तशी. "दादा, काळजी करू नका, बसा," आडत्यांना म्हटलं. "एका मोदकाला बरीच पानं गुंडाळली गेलीत, एवढंच झालंय. वरची सोलून काढू, एक ठेवू." मग सरांना म्हटलं, "लिहा सर. एकाला एक लागून आलेले दोन प्रश्न शोधायचे, त्या जागी एक घालायचा."

सरांनी लिहिलं. यादी आली.

"दाबा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. दाबलं. यादी पुन्हा आली.

"अजून दाबा, सर."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, एकदाच..."

"ते गुंडाळताना. सोलताना यादी रिकामी होईपर्यंत दाबायचं. दाबा."

दाबलं.

"अजून."

आडते पुढे सरकून बघायला लागले होते. "दाबा साहेब, दाबा," तेही म्हणाले. "लाजताय काय!"

सरांनी दाबलं, आणि यादी गेली. पडदा स्वच्छ. मी आडत्यांना म्हटलं, "आता बघा." त्यांनी नोंद भरली, जतन केली.

'खात्री आहे का?'

त्यांनी 'हो' दाबलं आणि डोळे बारीक करून वाट बघितली. काही आलं नाही. नोंद झाली होती.

"हां!" आडते खुर्चीत मागे रेलले. "ताई, हे तुमचं काम का?"

मी काही बोलले नाही. कधी गप्प बसायचं हे मला आता नीट जमायला लागलं होतं. बोलला तो टेस्टर, दारातून. "पयल्यापासून तायचंच हाय, शेठ. मीच टेस्ट केलेलं, आजून तायच्या मशीनवर हाय."

मालकांनी गरम पाण्याचा एक घोट घेतला. सरांकडे बघितलं. फार वेळ बघितलं.

आडते निघताना जिन्याशी थांबून मालकांना एवढंच म्हणाले, "माझ्या कामावर ह्या ताई राहू द्या. बाकी तुमचं तुम्ही बघा." आणि मला वेगळं बोलावून सांगितलं की गोणीतले वरचे कांदे मालकांसाठी ठेवले असले तरी खालचे जास्त टिकतील.

सोमवारी मी खिडकीशीच बसले. मालक केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर, होय, सगळ्यांसमोर, सरांना म्हणाले, "ही पद्धत लिहून ठेवायला हवी. पुन्हा असं व्हायला नको. तुम्हीच लिहा. तुमच्याइतकी ती कोणाच्या लक्षात राहणार नाही. आणि मॅडमकडून तपासून घ्या."

डॉक्युमेंटेशन! सर! आणि तपासणार मी!

पॅन्ट्रीजवळच्या त्या टेबलावर काही त्यांना बसवलं नाही. ते अजून मॅनेजरच आहेत, जगात तेवढा न्याय नाही. पण बुधवारी त्यांनी लिहिलेलं माझ्याकडे आलं. सुबक होतं. खुणांचा अर्थ होता, पडद्याची चित्रं होती, आणि ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'बटण एकदाच दाबावे.' मी लाल शेरा मारून परत पाठवलं: 'का, ते लिहिलेलं नाही.'

दुपारी सर माझ्या जागेशी आले. उभेच राहिले. खाडीकडे बघत म्हणाले, "मॅडम, ते एकदाच का, ते जरा..."

"बसा ना, सर," मी म्हटलं. आणि गुरुवारी गिळलेलं ते वाक्य काढलं. 'कारण दाबल्यानंतर बाजूची यादी' इथून सुरुवात केली, आणि इतकं सावकाश, इतकं गोड, मोदकापानासकट सांगितलं की बाहेरचे फ्लेमिंगोसुद्धा शिकले असते. सरांनी मध्ये एकदाही हात वर केला नाही.

संध्याकाळी लिफ्टपाशी आमची पुन्हा गाठ पडली. सरांनी बटण दाबलं. एकदाच. हात खिशात घातला आणि भिंतीकडे बघत राहिले. लिफ्ट येत नव्हती.

मी जरा वाट पाहिली. मग हात पुढे केला आणि टकटकटक करून ते बटण दाबलं.